गरुड कोणासाठी आला

ही गोष्ट लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण हिच्यात मी चांगला दिसत नाही. लोक आपले देवाचे अनुभव सांगतात तेव्हा त्यात मोठं आजारपण असतं, नाहीतर अपघात असतो, आणि त्यातून देवाने तारलेलं असतं. माझ्यावर तसं काही ओढवलं नव्हतं. मला माझ्या बायकोचा हेवा वाटत होता, आणि तोही देवाच्या बाबतीत.

आमचं घर चिंचणीला, समुद्राकडच्या वस्तीत. आजोबा, वडील होडीवर गेले, धाकटा भाऊही होडीवरच आहे. मी दहावी झालो आणि तारापूरच्या एका कारखान्यात लागलो. बत्तिसाव्या वर्षी गळ्यात माळ घातली आणि मासळी सोडली. जिथे दाराबाहेर पाऊल टाकलं की वाळत्या बोंबलाचा वास येतो, तिथे हे करणं सोपं नव्हतं. नातेवाईक हसले. जयवंतीने, म्हणजे माझ्या बायकोने, मात्र माझ्यासाठी वेगळी कढई आणली, वेगळा तवा आणला आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. ती स्वतः मासळीतच राहिली. होडी लागली की मासळी निवडायची, बोंबील बांबूंच्या मांडवावर वाळत घालायचे, सकाळी पाटी घेऊन बाजारात बसायचं. देवाला ती हात जोडायची ते उभ्याउभ्याच. अगरबत्ती लावली, पदर डोक्यावरून घेतला न घेतला, की निघाली.

वस्तीच्या टोकाला, सुरूच्या बनाला लागून, विठोबाचं एक लहानसं देऊळ आहे. ते उघडणं, झाडणं, पूजा करणं हे मी वीस-बावीस वर्षं केलं. कारखान्यात रात्रपाळी असली तरी सकाळी घरी न जाता आधी देवळात गेलो. एकादशी कधी मोडली नाही. देवळात भजन होतं, भजन झालं की चहा होतो आणि चहा घेताना कोणी ना कोणी आपला अनुभव सांगतो. एकाच्या मुलाचा ताप अंगारा लावल्याबरोबर उतरलेला असतो. दुसऱ्याला वादळात होडी कुठे वळवायची ते स्वप्नात दिसलेलं असतं. मी मान डोलवत ऐकायचो आणि मनात हिशेब करायचो. देऊळ झाडतो मी, फुलं आणतो मी, आणि खुणा मात्र यांना. एवढ्या वर्षांत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी चोपन्न वर्षांचा झालो होतो. देव आहे का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आहे, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नाही, असं मला वाटू लागलं होतं, आणि मला वाटतं हे जास्त वाईट.

२०१७ सालची संक्रांत होऊन आठवडा-दीड आठवडा झाला होता. आमचा भाग गुजरातच्या हद्दीजवळचा, त्यामुळे संक्रांतीला पतंगांचं वेड तिकडच्यासारखंच. पतंग संपतात, पण मांजा झाडांवर लोंबत राहतो. त्या दिवशी एकादशी होती. उजाडता उजाडता मी फुलं घेऊन देवळाकडे जात होतो, तर सुरूच्या एका झाडात काहीतरी फडफडताना दिसलं. जवळ जाऊन पाहिलं. पांढरंशुभ्र डोकं, पांढरी छाती आणि बाकी सगळं अंग विटेसारखं तांबूस. ब्राह्मणी घार. आमच्याकडची म्हातारी माणसं या पक्ष्याला गरुडच म्हणतात आणि तो दिसला की हात जोडतात. मांजा त्याच्या डाव्या पंखात रुतला होता आणि तो अर्धवट उलटा लटकत होता.

पहिली गोष्ट माझ्या मनात काय आली ते मी इथे खरं लिहितो. त्याला लागलंय, दुखत असेल, हे मनात आलं नाही. मनात आलं ते असं: आला. एकादशीच्या दिवशी, देवळाच्या दारात, विष्णूचं वाहन, आणि पाहणारा मी एकटा. बावीस वर्षांनी माझी पाळी आली.

पण माझ्याने त्याला खाली काढवेना. हात नेला की तो चोच उघडून अंगावर यायचा आणि त्याची नखं पाहून मी मागे व्हायचो. जयवंती पलीकडे मांडवावर बोंबील लावत होती. शेवटी तिला हाक मारली. ती आली, एक क्षण पाहिलं, जाऊन ओलं गोणपाट आणलं आणि ते त्याच्या डोक्यावरून टाकलं. डोळे झाकल्याबरोबर तो गप्प झाला. मग तिने दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि मला म्हणाली, "कापा वरचा मांजा. हळू. ओढू नका." मी कापला. पंखात रुतलेला दोरा तिने स्वतःच, मासळी साफ करायच्या सुरीच्या टोकाने, एकेक वेढा करून सोडवला. तिच्या मनगटावर नखाचा लांब ओरखडा उठला होता. तो तिला घरी आल्यावर, हात धुताना कळला.

"डहाणूला त्या डॉक्टरीणबाई हायत ना, जनावरांच्या," ती म्हणाली. "त्यांच्याकडे नेऊ. वनखात्यालापण कळवायला लागतं."

"आज नको," मी म्हणालो. "आज एकादशी आहे. आजच्या दिवशी आलाय तो, आजच्या दिवस राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. मी ओसरीवर मोठी टोपली पालथी घातली, आत स्वच्छ धोतराचा तुकडा अंथरला आणि वाटीत दूध ठेवलं. त्याने दुधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुळशीचं पान घातलं, साखर घातली, तरी नाही. मी समोर बसून नाम घेत राहिलो. तासाभराने जयवंती आली, दोन-तीन मांदेल्या चिरून आणल्या होत्या. टोपली जरा उचलून तिने एक तुकडा पुढे केला. पक्ष्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि तुकडा अलगद तिच्या बोटांतून घेतला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला.

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत माणसं यायला लागली. भजनाचे बुवाही आले. मी उठून त्यांना बसायला पाट दिला आणि कसा दिसला, कुठे दिसला, सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात जयवंतीने त्याला पुन्हा भरवलं, आणि बुवांचं माझ्याकडचं लक्ष उडालं. ते हात जोडून तिच्याकडे बघत राहिले. "जयवंती, भाग्यवान आहेस," ते म्हणाले. "गरुड तुझ्या हातचं खातोय."

ती हसली. "हाताला मासळीचा वास हाय बुवा, म्हणून खातंय. तुम्ही पण दोन दिवस बोंबील निवडा, तुमच्या हातचं खाईल."

सगळे हसले, मीही हसलो. पण आत काय झालं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. घशाशी कडू पाणी आलं. मी तिच्या हातांकडे बघत होतो. खवले चिकटलेले, मिठाने भेगाळलेले हात. बावीस वर्षं ज्या हाताने मी देवाला गंध लावलं त्या हाताकडे तो बघत नाही, आणि जी बाई देवळात दोन मिनिटं थांबत नाही तिच्या हातचं खातो. संध्याकाळी बायका पाया पडायला आल्या, तर ओसरीवर बसलेल्या मला ओलांडून आत तिच्याकडे गेल्या. "जयवंतीचा गरुड" असं नावच पडलं त्याचं, एका दिवसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन बाजारात गेली, आणि मी ते केलं.

देवळामागे एक लहान खोली आहे, पखवाज आणि सतरंज्या ठेवायची. मी टोपली उचलली, वर कापड टाकलं, पक्ष्याला त्या खोलीत नेऊन ठेवलं आणि कुलूप लावलं. दुपारी जयवंती परत आली. ओसरी रिकामी पाहून म्हणाली, "कुठे गेलं?"

"वनखात्याची माणसं आली होती," मी म्हणालो. "घेऊन गेली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं वाटलं. पाटी खाली ठेवता ठेवता तिने विचारलं, "जाताना काय खाल्लं होतं का त्याने?"

"हो," मी म्हणालो.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. आम्ही भांडलो असू, पण मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. आणि बोललो ते कशासाठी, तर देव माझ्या एकट्याच्या वाट्याला यावा म्हणून.

पुढचे दोन दिवस मी देवळातच असायचो. वस्तीतल्यांना वाटलं, मी काही अनुष्ठान मांडलंय. मी चमच्याने त्याच्या चोचीत दूध घालायचो. त्याचं डोकं धरायला जमत नव्हतं, दूध छातीवर सांडायचं, थोडं आत जायचं. भाताची शितं कालवून पाहिली. मासळी द्यायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. देवळाच्या आवारात मासळी, आणि माझ्या हाताने? मी स्वतःला सांगायचो की तो गरुड आहे, देवाचा आहे, सात्त्विक अन्नावर राहील. पण खरं कारण वेगळं होतं. मासळी दिली असती तर जयवंतीचं बरोबर ठरलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तर तो उभा नव्हता. पोट टेकून बसला होता. पांढरी छाती दुधाने चिकट झाली होती, डोळे अर्धे मिटलेले. मी आत आलो तरी चोच उघडून अंगावर आला नाही. पहिल्या दिवशी त्याचा राग मला भीतीदायक वाटला होता. आता तो राग नव्हता म्हणून भीती वाटली.

मी विठोबापुढे जाऊन बसलो. म्हणालो, वाचव त्याला. पण मला माझ्याच आवाजात खोट ऐकू येत होती. मी त्याच्यासाठी मागत होतो, की तो मेला तर लोक काय म्हणतील म्हणून मागत होतो, हे माझं मलाच सांगता येईना. मूर्ती रोजच्यासारखीच होती. कसलीही खूण मिळाली नाही. वाऱ्याबरोबर मांडवावरच्या बोंबलांचा वास आत आला, एवढंच. मी उठलो आणि त्या वासाच्या दिशेने चालत गेलो.

जयवंतीला मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, चार वाक्यांत. ती हातातला बोंबील तसाच धरून ऐकत होती. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती हळू आवाजात म्हणाली, "अवो, उपास तुमचा होता. त्याला कशाला घडवलात?"

मग तिने बोंबील मांडवावर टाकला, हात धुतले आणि म्हणाली, "गाडी काढा."

माझी जुनी मोटारसायकल काढली. ती मागे बसली, मांडीवर टोपली, टोपलीवर ओलं कापड. एका डब्यात तिने चार मांदेल्या घेतल्या होत्या. डहाणूला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचलो तर कळलं, त्या तलासरीकडे उधव्याला गेल्या आहेत, गुरांच्या तपासणीला, संध्याकाळशिवाय परत येणार नाहीत. तिथल्या माणसाने फोन लावून पाहिला, लागला नाही. मी जयवंतीकडे पाहिलं. तिने कापड जरा उचलून आत पाहिलं आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत नाय काढायचं हे. चला."

उधव्याच्या रस्त्याला रानशेत गाव मागे टाकलं आणि थोड्या वेळाने चढावर गाडीची चेन तुटली. आजूबाजूला कापणी झालेली उघडी शेतं, एकही घर नाही, अकरा-साडेअकराचं ऊन. जयवंती रस्त्याकडेच्या सागाच्या तुटपुंज्या सावलीत टोपली मांडीवर घेऊन बसली. मी चेन जोडायला बसलो. हात काळे झाले, जोडणारी कडीच तुटली होती, काही होण्यासारखं नव्हतं. दोन गाड्या गेल्या, थांबल्या नाहीत. मला रडू यायला लागलं. जयवंती टोपलीत तोंड घालून त्या पक्ष्याशी बोलत होती. काय बोलत होती? "आता पोचूच हां. जरा दम धर. भरती आली असेल आता आपल्याकडे, होड्या लागतील." घरातल्या कुणाशी बोलावं तसं.

आणि तेव्हाही, ते ऐकताना, मला हेवाच वाटला. मी इतकी वर्षं देवाशी बोललो, पण असा कधी बोललो नाही. माझं बोलणं सगळं पाठ केलेलं होतं. त्या क्षणी मी दमलो. गाडीमुळे दमलो नव्हतो, या हेव्याने दमलो होतो. मी मनात म्हणालो, विठोबा, हा गरुड तिचाच असू दे. सगळा तिचा. मला काही नको, फक्त हा जगू दे. हे मागणं पाठ केलेलं नव्हतं.

मागून चिकूच्या खोक्यांनी भरलेला एक छोटा टेम्पो येत होता. आमच्या पुढे गेला, आणि वीस-पंचवीस पावलांवर थांबून मागे आला. चालक उतरला, पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस.

"बोला काका, काय झालं? कुठे जायचं?"

"उधव्याला," मी म्हणालो. "पण तुम्ही कुठे..."

"मी वापीला. काही हरकत नाही, उधव्यावरून काढतो गाडी. बसा ने, बसा." त्याने टोपलीत पाहिलं आणि काही न विचारता पुढची काच अर्धी वर केली, वारा लागू नये म्हणून. माझी मोटारसायकल त्याने आणि मी मिळून खोक्यांच्या मागे आडवी चढवली.

वाटेत मी त्याला विचारलं, "दोन गाड्या निघून गेल्या. तुम्ही कसे थांबलात?"

"तुम्ही हात केलात ना," तो म्हणाला. "चांगला वर करून हात केलात. मी आधी पुढे गेलो, मग म्हटलं, असा हात केलाय म्हणजे अडचण असणार."

जयवंतीचे दोन्ही हात टोपलीवर होते. माझे दोन्ही हात चेनमध्ये होते. मी त्याच्याशी वाद घातला नाही. कदाचित घाम पुसायला माझा हात वर गेला असेल, मला आठवत नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि उधव्याला उतरवून तो चहासुद्धा न घेता गेला.

डॉक्टरीणबाई एका गोठ्यापाशी होत्या, भोवती गुरं आणि माणसं. त्यांनी टोपली पाहिली आणि हातातलं काम सोडून आल्या. एकादशीला मांजात सापडला, एवढं जयवंतीने त्यांना सांगितलं. एका घराच्या पडवीत, घोंगडी अंथरून, त्यांनी त्याला तपासलं. पंख हळूच उघडून पाहिला, पोटावर बोट फिरवलं, चोच उघडून आत पाहिलं. मग छातीवरची चिकट पिसं बोटाने बाजूला केली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पंखाचं हाड शाबूत आहे. जखम भरेल," त्या म्हणाल्या. "पण हा उपाशी आहे, आणि याला दूध पाजलंय. दूध यांना पचत नाही. चार दिवस घरात ठेवायचा, वर हे असले प्रकार. हा कायद्याने गुन्हा आहे, माहीत आहे? कोणी पाजलं दूध?"

मी तोंड उघडायच्या आत जयवंती म्हणाली, "मीच. मला वाटलं दुधाने ताकद येईल."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पक्ष्याकडे बघत होती. तिने सहज सांगितलं होतं, जसं माझ्यासाठी वेगळी कढई आणली होती तसं. मला ओरडा बसू नये, भजनातला माणूस म्हणून माझी मान खाली जाऊ नये. मला वाटलं, गप्प राहावं. खरंच वाटलं. तिथे आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं, सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मी पाजलं. हिने मासळी दिली होती तेव्हा तो बरा होता. मी हिच्यापासून लपवून ठेवला आणि दूध पाजलं."

"का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिच्या हातचं खात होता म्हणून."

त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आधी त्यांनी त्याला सुईने पाणी दिलं, कातडीखाली. छाती कोमट पाण्याने पुसली. बराच वेळ आम्ही नुसते बसून होतो. मग त्याने मान जरा वर केली. "आता थोडं पोटात गेलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुमचा हात स्थिर आहे, बाई, तुम्ही धरून ठेवा, सोडू नका. मी पंख धरते. काका, तुम्ही भरवा."

डबा माझ्यासमोर होता. मी मासळीला बावीस वर्षं हात लावला नव्हता. वास मला पाठ होता, पण बोटांना तो गार, निसरडा स्पर्श आठवत नव्हता. मी एक मांदेली उचलली, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसे नखाने तुकडे केले आणि एक तुकडा त्याच्या चोचीजवळ नेला. त्याने डोळा पूर्ण उघडला. तपकिरी, स्वच्छ डोळा. त्याने माझ्याकडे पाहिलं असं मी म्हणणार नाही, त्याने मासळीकडे पाहिलं. आणि घेतली.

कोणी मला विचारतं, तुला काय वाटलं? प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. माझी बोटं ओली होती आणि त्याची चोच दर वेळी बोटांना जरा लागत होती. जयवंतीचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. मला रडू येत होतं आणि ते मी आवरलं नाही. विठोबाच्या पायांवर डोकं ठेवताना जे मिळावं म्हणून मी बावीस वर्षं धडपडलो, ते त्या पडवीत, मासळीच्या वासात, मला मिळालं असं मला वाटतं. पण हे मी कोणाला पटवून देणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी वनखात्याला स्वतः फोन केला. मला दोन शब्द आणखी सुनावले, ते मी ऐकून घेतले. पक्षी त्यांच्याकडे राहिला. मी दर आठवड्याला डहाणूला जाऊन विचारून यायचो. आत जाऊ द्यायच्या नाहीत, माणसांची सवय लागू नये म्हणून. "खातोय," एवढं सांगायच्या. जयवंती कधी आली नाही. "बरं हाय ना? मग झालं," म्हणायची आणि कामाला लागायची.

होळी होऊन गेल्यावर त्यांनी निरोप पाठवला की सोडायचा आहे, आणि जिथे सापडला तिथेच, आमच्या किनाऱ्यावर. वनखात्याचे दोघे आले. वस्ती जमली, बुवाही आले. खोक्याचं दार कोणी उघडायचं असा प्रश्न आला, तेव्हा सगळे म्हणाले, "जयवंती." आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही, की माझ्या घशाशी पुन्हा तेच कडू पाणी आलं. तेच, जराही कमी नाही. मला वाटलं होतं, उधव्याला ते संपलं.

जयवंतीची पाटी भरलेली होती, तिला बाजार गाठायचा होता. ती मला म्हणाली, "तुम्हीच उघडा. मला उशीर होतोय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला फार उघडायचं होतं ते दार. किती, ते कोणाला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "नाही, तू उघड. दोन मिनिटं लागतील."

तिने पाटी वाळूत ठेवली आणि दार उघडलं. तो बाहेर आला, वाळूवर दोन पावलं चालला, अंग झाडलं आणि उडाला. देवळावरून गेला नाही. घिरटी घातली नाही. आमच्या कोणाकडेही न पाहता खाडीच्या बाजूला गेला, कांदळवनावर एकदा वर-खाली झाला आणि दिसेनासा झाला. लोकांनी हात जोडले. जयवंतीनेही जोडले, उभ्याउभ्याच, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे चालू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत हात जोडून उभा राहिलो.

माझा हेवा गेला, असं लिहून ही गोष्ट मला संपवता आली असती, पण ते खोटं होईल. तो येतो. कोणी आपला अनुभव सांगतो तेव्हा येतो, लोक बाजारात जयवंतीला थांबवून गरुडाचं विचारतात तेव्हा येतो. फरक एवढाच की आता मी तो लपवत नाही. घरी येऊन तिला सांगतो, आज पुन्हा आला. ती म्हणते, "येऊ दे. जेवून घ्या." माळ माझ्या गळ्यात आहे, मासळी मी खात नाही, पण हातात घेतो, निवडतो, तिच्यासोबत मांडवावर लावतो. देऊळही झाडतो.

पांडुरंगाचे उपकार मी कसे मानू? त्याने मला माझं मन दाखवलं, तेही कोणाचा जीव न घेता. पूर्वी मी त्याच्याकडे रोज मागायचो की मला काहीतरी दिसू दे. आता एवढंच मागतो, की तू दुसऱ्याला जे देतोस ते मला बघता येऊ दे, आणि बघताना माझे हात जोडलेले राहू दे.